समोरच्या प्लॉटमधलं गाजर गवत काढलं की शिंका थांबतील?

पत्र थोडक्यात : विश्रामबाग, सांगली इथून एका शिक्षिकेनं लिहिलं आहे. वय 38. गणपती झाले की शिंका सुरू होतात आणि संक्रांतीपर्यंत पिच्छा सोडत नाहीत. डोळे खाजतात, रात्री नाक चोंदतं, पहाटे उठल्या उठल्या शिंकांची माळ लागते. फ्लॅटसमोरचा रिकामा प्लॉट गाजर गवतानं कंबरभर भरलाय. टेक्सासमधल्या भावाला तिकडे रॅगवीड नावाच्या तणाची ॲलर्जी आहे. 'तुझंही तेच' असं म्हणून तो तिकडच्या गोळ्या पाठवायला तयार आहे. फोनवरच्या हवामान ॲपमध्ये मात्र परागकण कायम 'कमी'. त्रास वाढला की त्या मेडिकलमधून मॉन्टेलुकास्ट-लिव्होसेटिरिझिनची गोळी आणतात आणि झोपताना नाकात थेंब घालतात. थेंब आता दोन महिने रोज चालू आहेत. शेजारच्या काकू दरवर्षी एक इंजेक्शन घेतात आणि त्यांचा सीझन बरा जातो. गेल्या दिवाळीत जतला माहेरी आठवडाभर राहिल्या तेव्हा त्रास नव्हता. नऊ वर्षांच्या मुलालाही शिंका येतात, रात्री कोरडा खोकला येतो. सासरे म्हणतात, रविवारी आपणच प्लॉट साफ करू आणि गवत पेटवून देऊ. मिस्टर म्हणतात, फ्लॅट विकून साताऱ्याला जाऊ, तिथली हवा चांगली. शेवटी एक ओळ : गावभागातल्या जुन्या घरातलं, 2019 च्या पुरात भिजलेलं लाकडी कपाट आता बेडरूममध्ये आहे, पावसाळ्यात त्याला वास येतो, 'पण ते सासूबाईंचं आहे.' काय करावं?

ताई,

घर, प्लॉट, कपाट या सगळ्याच्या आधी मुलाचा खोकला. नाकाची ॲलर्जी असलेल्या मुलाला रात्री कोरडा खोकला येतो तेव्हा एक तर नाकातलं पाणी घशात उतरत असतं, नाहीतर दमा डोकं वर काढत असतो. कधी दोन्ही. पळून आल्यावर किंवा खदखदून हसल्यावर खोकला येतो का, श्वास सोडताना बारीक शिट्टी वाजते का, मध्यरात्रीनंतर उठून बसतो का, हे आठवडाभर बघा आणि बालरोगतज्ज्ञांना नेमकं तेवढंच सांगा. नऊ वर्षांचं मूल स्पायरोमेट्री, म्हणजे जोरात फुंकून करायची तपासणी, नीट करू शकतं. हॉस्पिटलांसाठी ओळखलं जाणारं मिरज तुमच्यापासून हाकेच्या अंतरावर आहे, त्यामुळे याला उशीर करायचं कारण नाही. बोलताना त्याचं वाक्य तुटू लागलं, फासळ्यांमधली कातडी आत ओढली जाऊ लागली किंवा ओठ निळसर दिसले तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही. 108 लावा, नाहीतर सरळ जवळचं हॉस्पिटल गाठा.

तुमची गोळी अर्धी करून त्याला देत असाल तर ती बंद करा. तुम्ही तसं लिहिलेलं नाही, पण बहुतेक घरांत हे होतं. मॉन्टेलुकास्टमुळे काही मुलांना वाईट स्वप्नं पडतात, चिडचिड वाढते, झोप उडते. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं 2020 मध्ये या औषधावर सगळ्यात कडक दर्जाचा इशारा छापायला लावला आणि नुसत्या नाकाच्या ॲलर्जीसाठी ते पहिल्या झटक्यात देऊ नये असं सांगितलं. इशारा मोठ्यांनाही लागू आहे. तुमची स्वतःची झोप आणि मूड गेल्या दोन महिन्यांत कसे आहेत, हेही आठवून बघा.

आता भावाचं म्हणणं. तो चुकतोय, पण फार नाही. रॅगवीड आणि गाजर गवत दोन्ही सूर्यफुलाच्या कुळातली. दोन्हींच्या परागकणांतली काही प्रथिनं इतकी सारखी असतात की एकाची ॲलर्जी असलेल्या माणसाचं शरीर दुसऱ्यालाही ओळखतं. साम्य इथवरच. रॅगवीड उत्तर अमेरिकेतलं. दिवस लहान होऊ लागले की ते फुलोऱ्यावर येतं, साधारण ऑगस्टच्या मध्यापासून. सप्टेंबरच्या मध्याला कहर असतो आणि पहिलं हिमतुषार पडलं की खेळ खलास. एक झाड हंगामात अब्जाच्या घरात कण सोडू शकतं, आणि ते हलके कण वाऱ्यावर शेकडो किलोमीटर जातात. म्हणून तिकडे 'आज शहरात रॅगवीड किती' या आकड्याला अर्थ असतो.

आपलं गाजर गवत वेगळ्या स्वभावाचं. त्याला ओल मिळाली की पुरे. उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात फुलतं, आणि सांगलीत त्याला मारणारं हिमतुषार पडत नाही. पावसाळ्यात आणि त्यानंतर जोर असतो खरा, पण गटाराच्या कडेला, गळक्या नळापाशी ते मार्चमध्येही फुललेलं दिसेल. त्याचे परागकण बरेचदा पुंजक्यांनी सुटतात आणि मोठा वाटा जवळपासच खाली बसतो. म्हणजे तुमच्या बाबतीत गावभराच्या आकड्यापेक्षा खिडकीसमोरचा प्लॉट जास्त मोलाचा. सासऱ्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे ते इथे.

भावाला गोळ्या पाठवू नको म्हणा. रॅगवीडवरची जिभेखाली ठेवायची गोळी अमेरिकेत 2014 मध्ये मंजूर झाली. ती रॅगवीडची ॲलर्जी तपासणीत सिद्ध झालेल्यांसाठी आहे, सीझनच्या 12 आठवडे आधी सुरू करावी लागते आणि पहिला डोस डॉक्टरांसमोर घ्यायचा असतो, कारण घसा सुजू शकतो. शिंका थांबवायला ऐन सीझनमध्ये घ्यायची ती गोळी नव्हेच.

ॲपचं कोडंही यातूनच सुटतं. परागकण मोजायचे म्हणजे गच्चीवर सापळा बसवतात. तो मिनिटाला 10 लिटर हवा ओढतो, आतल्या चिकट पट्टीवर कण बसतात, आणि कुणीतरी सूक्ष्मदर्शकाखाली ते ओळखून मोजतं. तेव्हा कुठे 'एक घनमीटर हवेत इतके' हा आकडा येतो. ॲपमधला आकडा बहुतेक वेळा हवामान आणि वनस्पतींच्या नकाशावरून केलेलं गणित असतं, तुमच्या गल्लीत कुणी मोजलेलं नसतं. शिवाय त्यात गवत, झाडं, तण असे ढोबळ गट असतात, आणि तणांच्या रकान्यात नाव रॅगवीडचं. आपल्याकडच्या रस्त्यांवर जे तण दिसतं ते तिथे नाहीच, मग 'कमी'च येणार. आणि हवेच्या गुणवत्तेचा जो निर्देशांक दिसतो, त्यात धूळ आणि वायू धरून आठ प्रदूषकं मोजतात, परागकण नाहीत. निर्देशांक हिरवा असतानाही नाक वाहू शकतं.

तरीही तुमच्या घरात सगळ्यांनी निकाल आधीच लावलाय आणि आता फक्त शिक्षा ठरवायची बाकी आहे, असं पत्र वाचून वाटलं. प्लॉट दोषी, तो जाळायचा की आपण गाव सोडायचं, एवढाच वाद. पत्रातला पुरावा जरा उलटून बघू.

जतला बरं वाटलं, हा तुमचा मुख्य पुरावा. पण जतला रस्त्याच्या कडेला गाजर गवत नसतं का? असतंच. बदललं होतं ते बाकीचं सगळं : वेगळी गादी, वेगळी उशी, कोरडी हवा, शाळेला सुट्टी म्हणजे खडूची धूळ नाही, आणि बेडरूममध्ये ते कपाट नाही. शिवाय तुमचा सगळ्यात वाईट वेळ रात्रीचा आणि पहाटेचा, म्हणजे नाक गादीला टेकलेलं असतानाचा. गादी-उशीतल्या धुळीत डोळ्यांना न दिसणारे किडे असतात, माइट्स म्हणतात त्यांना. हवेतली आर्द्रता 50 टक्क्यांच्या वर राहिली की ते फोफावतात. पावसाळाभर वाढलेली त्यांची विष्ठा ऑक्टोबरमध्ये गादीत तयारच असते. पुराचं पाणी प्यायलेल्या लाकडात बुरशी असेल तर तिचे बीजकणही याच सुमारास. म्हणजे गणपती ते संक्रांत हा काळ तिन्ही आरोपींना सारखाच लागू पडतो.

मात्र लगेच 'मग कपाटच' असंही ठरवू नका. परागकणांच्या ॲलर्जीतही सकाळ वाईटच जाते, आणि दिवसभर केसांत बसलेले कण रात्री उशीवर उतरतात. डोळे खाजणं हे बाहेरच्या परागकणांकडे जास्त झुकणारं लक्षण आहे. माझा अंदाज विचाराल तर दोन्ही चालू असावं. पण माझ्या अंदाजावर फ्लॅट विकू नका.

तीन आठवडे वही ठेवा. शिक्षिका आहात, तक्ता आखणं तुम्हाला जड नाही. दिवसाला तीन ओळी : उठल्यावर, शाळेतून आल्यावर, झोपताना. प्रत्येक ओळीत शिंका, चोंदणं, डोळ्यांची खाज यांना 0 ते 3 गुण, आणि पुढे दोन शब्द : वारा होता का, पाऊस झाला का, झाडलोट केली का, कुठे धूर होता का, गोळी घेतली का. नंतर वही आडवी नाही, उभी वाचा. रविवार आणि शाळेचे दिवस यांत फरक दिसतो का? पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ऊन-वारा आला की डोळ्यांचे गुण चढतात का? चढत असतील तर परागकण. सकाळचा आकडा बाहेर काहीही घडो, रोज तोच राहतो का? मग बेडरूम. खाज नाही, नुसती आग होते, घसा खवखवतो आणि तो दिवस धुराचा आहे, तर ती ॲलर्जी नसून त्रासलेलं नाक आहे. साखर कारखाने सुरू झाले की तोडणीनंतरचं पाचट पेटतं, गार पहाटे हवा वर उठत नाही आणि नदीकाठचा धूर-धुकं खालीच साचून राहतं. गॅलरीत काळी पाचोळ्याची राख पडते ते दिवस वहीत वेगळे खुणवा. त्या दिवसांच्या त्रासाचं उत्तर कुठल्याच ॲलर्जी टेस्टमध्ये येणार नाही.

वही चालू असताना दुसऱ्या आठवड्यात एकच बदल करा : कपाट बेडरूमबाहेर काढा. गादी, उशा, पडदे जसेच्या तसे. तिसऱ्या आठवड्यात गादी-उशांना चेन असलेली घट्ट विणीची कव्हरं घाला, चादरी-अभ्रे कढत पाण्यात अर्धा तास भिजवून धुवा. साठ अंशांच्या पाण्यात माइट्स मरतात, कोमट पाण्यात नाही. सगळं एकाच रविवारी केलंत तर बरं वाटेल कदाचित, पण कशानं वाटलं ते कळणार नाही, आणि पुढच्या वर्षी पुन्हा हाच वाद.

सासूबाईंच्या कपाटाबद्दल. त्याची मागची फळी बघा. जुनी कपाटं सागवानाची असली तरी मागे बरेचदा प्लायवूड ठोकलेलं असतं. पुराच्या पाण्यानं ते फुगतं आणि थरांच्या मध्ये बुरशी घर करते. ती पुसून जात नाही. फळी काढून टाका, नवी बसवा. सागवान वाचतं : मास्क लावून, कोरडं न झाडता साबणाच्या पाण्यानं ओलं पुसायचं, चांगलं ऊन खाऊ द्यायचं, मग पॉलिशपेपर आणि पॉलिश. बुरशीवर थेट रंग मारू नका, ती रंगाखालून परत येते. पुन्हा ठेवाल तेव्हा भिंतीपासून चार बोटं अंतर सोडा. कपाट राहिलं आणि वास गेला, तर सासूबाईंशी वाद घालायची वेळच येणार नाही.

तपासणी करायचीच असेल तर ही वही घेऊन जा. दोन गोष्टींची गल्लत होते तेवढी टाळा. रक्तातला एकूण आयजीई (ॲलर्जीत वाढणारं प्रतिपिंड) वाढलेला आला म्हणजे ॲलर्जीकडे कल आहे इतकंच कळतं. तो जंतांमुळेही वाढतो, आणि कशाची ॲलर्जी हे तो सांगत नाही. नेमकं कारण शोधायला त्वचेवरची प्रिक टेस्ट करतात : हाताच्या आतल्या बाजूला अर्काचे थेंब ठेवून टोचतात आणि 15-20 मिनिटांनी फोड मोजतात. साध्या सलाइनच्या थेंबापेक्षा फोड 3 मिलिमीटर किंवा जास्त मोठा असेल तर ती पॉझिटिव्ह. सोबत हिस्टामिनचा एक थेंब असतो, त्याचा फोड आलाच पाहिजे. तो नाही आला तर तुमच्या अंगात गोळीचा अंमल अजून आहे आणि ती सगळी टेस्ट फुकट गेली. म्हणून लिव्होसेटिरिझिनसारख्या गोळ्या साधारण आठवडाभर आधी डॉक्टरांना विचारून थांबवतात. नाकातला स्टिरॉइड स्प्रे थांबवावा लागत नाही. आपल्याकडे टेस्ट करताना यादीत गाजर गवत, इतर गवतं, माइट्स आणि बुरशी आहेत ना, ते आधीच विचारा. शेंगदाणे, वांगी, दूध यांसह शंभर पदार्थांचं रक्ताचं पॅकेज कुणी सुचवलं तर नम्रपणे नाही म्हणा. शिंकांसाठी त्याचा उपयोग नाही आणि अहवाल वाचून लोक उगाच ताटातले पदार्थ कमी करत बसतात. पॉझिटिव्ह आलेलं प्रत्येक नाव गुन्हेगार नसतं. वहीशी जुळेल तेच खरं.

पापण्यांवर, मानेवर, कोपराच्या घडीत खाजरा, जाड होत जाणारा चट्टा असेल तर प्रकरण वेगळं. गाजर गवतातल्या पार्थेनिन या द्रव्याची त्वचेला होणारी ही ॲलर्जी. तिला प्रिक टेस्ट नव्हे, पॅच टेस्ट लागते, पाठीवर पट्ट्या दोन दिवस ठेवून करतात ती. त्यासाठी त्वचारोगतज्ज्ञांकडे जायचं.

आता औषधं, कारण कारण सापडेपर्यंत श्वास तर घ्यायचाच आहे. आधी थेंब सोडा. झायलोमेटाझोलीन किंवा ऑक्सिमेटाझोलीनचे थेंब चार-पाच दिवसांच्या वर घालायचे नसतात. त्यानंतर उतार पडला की नाकाचं अस्तर आधीपेक्षा जास्त सुजतं, माणूस पुन्हा थेंब घालतो, आणि चक्र सुरू राहतं. तुमचं रात्रीचं चोंदणं बऱ्याच अंशी थेंबांचंच असू शकेल. म्हणजे प्लॉट, गादी आणि कपाट सोडून हा चौथा आरोपी थेट उशाशी. एकदम सोडवत नसेल तर डॉक्टरांकडून स्टिरॉइडचा नाकाचा स्प्रे घेऊन आधी एका नाकपुडीतले थेंब बंद करा, आठवड्यानं दुसरीतले. मधले तीन-चार दिवस वाईट जातील. ते काढायचे.

फ्लुटिकासोन किंवा मोमेटासोनचा हा स्प्रे नाकाच्या ॲलर्जीवरचं सगळ्यात परिणामकारक साधं औषध आहे, आणि सगळ्यात जास्त चुकीचं मारलं जाणारंही. 'मारून बघितला, काही झालं नाही' असं म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी तो गोळीसारखा वापरलेला असतो, शिंका आल्या की. तो रोज मारायचा असतो. पूर्ण परिणाम यायला आठवडा-दोन आठवडे लागतात, आणि दरवर्षी ठरावीक वेळी त्रास होणाऱ्यांनी दोन आठवडे आधीच सुरू करायचा. तुमच्या बाबतीत गणपतीचे मोदक होण्याच्या आधी. मारायची रीत अशी : बाटली हलवा. नवी असेल तर हवेत काही फवारे उडवून एकसारखी वाफ येऊ द्या, किती ते चिठ्ठीवर असतं. नाक हलकं शिंकरा. मान मागे टाकू नका, जरा पुढे झुका. उजव्या हातानं डाव्या नाकपुडीत आणि डाव्या हातानं उजव्या, म्हणजे बाटलीचं तोंड आपोआप बाहेरच्या बाजूला, डोळ्याच्या कोपऱ्याकडे वळतं. मधल्या पडद्यावर फवारा बसला तर घोळणा फुटतो. फवारताना वास घेतल्याइतकाच हलका श्वास. जोरात ओढलात तर औषध घशात उतरतं. घशात कडू लागलं की समजा नाकाला मिळालंच नाही.

शिंका आणि खाजेसाठी गोळी लागली तर झोप न आणणारी मागा. फेक्सोफेनाडिन किंवा बिलास्टिन डॉक्टर देतील. फेक्सोफेनाडिन संत्र्याच्या किंवा सफरचंदाच्या रसाबरोबर घेऊ नका, अंगी लागत नाही. साध्या पाण्यानं घ्या. स्कूटीवरून शाळेत जाताना पेंग येणारी गोळी घेणं हा वेगळाच धोका आहे.

जलनेती करत असाल तर उत्तम, पण पाणी उकळून गार केलेलंच. नळाच्या पाण्यातला एक अमीबा, नेग्लेरिया फाउलेरी, नाकावाटे मेंदूत जाऊ शकतो. दुर्मिळ आहे, पण झाला तर माणूस सहसा वाचत नाही. अर्धा लिटर पाण्यात मिठाचा सपाट छोटा चमचा, म्हणजे साधारण पाच ग्रॅम, आणि हवं तर चिमूटभर खायचा सोडा. नुसत्या पाण्यानं नाक झोंबतं. बाहेरून आल्यावर संध्याकाळी करा, स्प्रे त्यानंतर दहा-पंधरा मिनिटांनी. आधी स्प्रे आणि मग नेती म्हणजे औषध मोरीत.

काकूंचं इंजेक्शन बहुधा शरीरात साठून हळूहळू सुटणारं स्टिरॉइड असतं. बरं वाटतं यात शंका नाही. पण ते साऱ्या अंगभर जातं : साखर वाढते, रक्तदाब वाढतो, हाडं ठिसूळ होतात, शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड बनवणं काही काळ मंदावतं. नाकासाठी हा सौदा महागात पडतो. काकूंना मधुमेह असेल तर त्यांच्या डॉक्टरांना हे इंजेक्शन माहीत आहे का, एवढं विचारा त्यांना. ॲलर्जीची लस, म्हणजे इम्युनोथेरपी, ही वेगळी गोष्ट आहे. ती तपासणीत ठरलेल्या कारणावरच देतात, तीन ते पाच वर्षं चालते, आणि प्रत्येक इंजेक्शननंतर अर्धा तास दवाखान्यात थांबावं लागतं. स्प्रे नीट मारूनही दोन सीझन भागलं नाही तर तो विचार करा.

आता प्लॉट. काढायलाच हवं, ॲलर्जी त्याची निघो न निघो. एक झाड हजारो बी टाकतं आणि ते बी मातीत वर्षानुवर्षं तग धरतं. 1950 च्या दशकात पुण्यात नजरेस आलेलं हे तण देशभर पसरलं ते याच जोरावर. पण रविवारचा बेत दोन जागी चुकतो. पहिलं, तुम्ही आणि मुलगा त्यात नसायला हवेत, खिडकीतही नाही. फुललेलं गवत उपटताना जितके कण एका तासात अंगावर येतात तितके एरवी कित्येक दिवसांत येत नसतील. ज्याला त्रास नाही त्यानं लांब बाह्या, हातमोजे, एन-95 मास्क आणि चष्मा लावून उपटावं, कपडे वेगळे धुवावेत, आधी अंघोळ, मग घर. आजवर त्रास नव्हता म्हणून सासऱ्यांनी उघड्या हातांनी करू नये. ही ॲलर्जी बरेचदा वारंवार हाताळूनच जडते. दुसरं, पेटवायचं नाही. ओलं गवत धुमसतं, धूर थेट तुमच्या घरात आणि मुलाच्या छातीत. फुलाआधीचं गवत खतखड्ड्यात चालतं. फुललेलं असेल तर बी खतातून शेतात जाईल. पोत्यात भरून, तोंड बांधून कचरागाडीला द्या.

कापू नका, मुळासकट उपटा. कापलेलं खोडापासून फुटतं आणि आणखी बुटक्या उंचीवर फुलतं. पाऊस पडून गेल्यावर जमीन वाफशावर असते तेव्हा मूळ सहज येतं. या वर्षी फुललेलं काढलंत तरी खरं काम पुढच्या जूनमध्ये : पहिल्या पावसानंतर वीतभर रोपं असताना एकदा, जुलैअखेर पुन्हा, ऑगस्टमध्ये तिसऱ्यांदा. मोकळ्या झालेल्या जागेत टाकळ्याचं बी फेका. तो दाट उगवतो आणि गाजर गवताला जागा देत नाही, शिवाय कोवळा असताना भाजीला येतो. पानं चाळणीसारखी खाल्लेली दिसली आणि त्यावर पिवळसर, काळ्या नागमोडी रेघांचे छोटे भुंगे असले तर त्यांना मारू नका. ते मेक्सिकन भुंगे याच गवतावर जगतात, त्यासाठीच 1980 च्या दशकात आपल्याकडे आणले. प्लॉट दुसऱ्याचा आहे, म्हणून मालकाला आणि महापालिकेच्या स्वच्छता विभागाला फोटोसह लेखी अर्ज द्या, पोच घ्या. 16 ते 22 ऑगस्ट गाजर गवत जागरूकता सप्ताह असतो. अर्ज त्याच्या आधी, जूनमध्ये गेला तर उपयोग. सप्ताहापर्यंत गवत फुललेलं असतं आणि मग नुसते बॅनर लागतात.

मधल्या काळात रोजचं वागणं थोडं बदला. समोरची खिडकी सकाळी आणि वारा सुटल्यावर बंद, मागची उघडी. उशीचे अभ्रे गॅलरीत न वाळवता आत वाळवा. गाद्या मात्र भर उन्हात टाका, चांगल्या झटका, पण दुसऱ्या कुणीतरी. दसऱ्याला झेंडूची तोरणं ओवायचं काम या वर्षी घरातल्या दुसऱ्याकडे द्या. झेंडूचे कण वाऱ्यावर फारसे उडत नाहीत, पण तो याच कुळातला आहे आणि मांडीवर ढीग घेऊन बसलं की नाकाला कळतं. परतीच्या पावसात विजा कडकडू लागल्या आणि थंड वाऱ्याचा पहिला झोत आला की मुलाला आत घ्या, खिडक्या लावा. वादळी हवेत ओलावलेले परागकण फुटून त्यांचे बारीक तुकडे होतात आणि ते खोल छातीपर्यंत जातात. मेलबर्नमध्ये नोव्हेंबर 2016 मध्ये अशाच एका संध्याकाळी हजारो लोक दम लागून हॉस्पिटलांत गेले, दहा जण दगावले. तिथलं कारण एक गवत होतं. आपल्याकडे तसं झालंय असं नाही, पण दम्याची शंका असलेल्या मुलासाठी अर्धा तास घरात थांबणं काही महाग नाही.

साताऱ्याबद्दल मिस्टरांना दुखवायचं नाही, हवा मोकळी आहे खरी. कासच्या फुलांची भीतीही नको, त्यातली बहुतेक कीटकांकडून परागण होणारी. पण गाजर गवत साताऱ्यातही आहे, अजिंक्यताऱ्याच्या उतारांवरची गवतं पावसानंतर फुलतात, आणि पावसाळा तिथे सांगलीपेक्षा ओला, म्हणजे माइट्स आणि बुरशीला सोयीचा. ज्यांच्या शरीराचा कल ॲलर्जीकडे आहे त्यांना नव्या गावात दोन-चार वर्षांत नव्या गोष्टींची ॲलर्जी लागू शकते. आणि कपाट, गादी, नाकातले थेंब तर टेम्पोतून सोबतच येणार. तरी जायचंच म्हणालात तर विकण्याआधी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये महिनाभर तिथे भाड्यानं राहा, आपल्या गाद्या न नेता, वही चालू ठेवून. आणि एकदा त्याच गाद्या नेऊन आठवडाभर. घराचा सौदा करायचा तो त्या दोन पानांतला फरक बघून.